खामगावात पुण्याची झुळूक

नांदुऱ्याकडून खामगावात शिरताना, गाव लागायच्या जरा आधी उजव्या हाताला एक चार मजली इमारत दिसते. एका एप्रिलमध्ये तिच्या पश्चिमेच्या भिंतीवर एकाच वेळी नऊ पुढाऱ्यांचे वाढदिवस, दोन दुकानांची उद्घाटनं आणि एक भावपूर्ण श्रद्धांजली टांगलेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, इथं फ्लेक्स छापत असतील. छापत कोणी नव्हतं. त्या फ्लेक्सच्या मागे माझी सिमेंटची जाळी होती. घरात वारा खेळावा म्हणून मी ती हौसेने बसवली होती, आणि घरात राहणाऱ्यांनी हाताला लागेल ते लावून ती बुजवली होती. वाढदिवस होऊन गेला की फ्लेक्सला कोणी वाली नसतो, त्यामुळे माल मुबलक होता.

मी आर्किटेक्ट. आमच्याकडे सगळे इंजिनेर म्हणतात आणि मीही आता दुरुस्त करत नाही. त्या भिंतीनंतर तर कोणी गवंडी म्हटलं तरी मी मान हलवली असती.

माझं गाव वडनेर भोलजी. म्हणजे उन्हाळा काय असतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मे महिन्यात दुपारी सायकलचं हँडल हातात धरवत नाही, हे मला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक होतं. तरीही मी उन्हाळा पुस्तकातून शिकलो, आणि शिकलो तो पुण्यात.

पुण्याला कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मी भर वर्गात "मले फळा दिसून नाई राह्यला" म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. पाच वर्षं कॉलेज, चार वर्षं नोकरी. नऊ वर्षांत 'मले' गेलं, 'काऊन' गेलं, 'हाव' गेलं. जिभेबरोबर आणखी काय काय घासलं जात होतं, ते कळलं नाही. तिथे एप्रिलमध्ये चार वाजले की पश्चिमेकडून झुळूक यायची. हॉस्टेलच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन उभं राहिलं की ती शर्टाच्या आत शिरायची. मी तिच्या प्रेमातच पडलो म्हणा ना. माझ्या प्रत्येक नकाशात पश्चिमेकडून निळे बाण घरात शिरायचे, आणि सर लोक त्या बाणांना मार्क द्यायचे.

ते बाण घेऊन मी खामगावात परत आलो.

आल्या आल्या मला काम मिळालं, हे माझं नशीब. ज्यांनी दिलं त्यांच्या नशिबाबद्दल पुढे येईलच. मार्केट यार्डातले मापारी, हमाल, जिनिंगमधले कामगार अशा सोळा कुटुंबांनी मिळून सोसायटी केली होती. त्यांचं मागणं साधं होतं: घर स्वस्तात व्हावं आणि लाइटबिलाने जीव घेऊ नये. सोसायटीचे अध्यक्ष स्वतः मापारी. तीस वर्षं कापूस आणि तूर तोलून त्यांना एक सवय लागली होती. माणसाकडे बघतानाही ते काटा स्थिर होण्याची वाट बघायचे. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पोरगा आपल्याकडचा हाये. देऊन पाहू."

त्यांना वाटलं मी आपल्याकडचा आहे. मलाही तसंच वाटत होतं.

शाळेच्या हॉलमध्ये सोळा कुटुंबांसमोर मी पुठ्ठ्याचं मॉडेल मांडलं. इमारत उत्तर-दक्षिण लांबोडकी, म्हणजे प्रत्येक घराला पश्चिमेची भिंत. कोणत्याही पुस्तकात पश्चिमेची भिंत लहान ठेवा असं लिहिलेलं असतं. पण प्लॉट लांबोडका होता, आणि माझ्या डोक्यात ती झुळूक होती. त्या सगळ्या भिंतीत जाळी. घरांच्या मागच्या बाजूला, जिन्याला लागून, खालपासून गच्चीच्या वरपर्यंत एक उंच पोकळी. वारा जाळीतून आत येणार, घरातून फिरणार, मागच्या पोकळीत जाऊन वर निघून जाणार. पोकळीचं डोकं उन्हात तापलं की ती आणखी जोरात ओढणार. ना पंखा, ना बिल. मी जाळीपाशी उदबत्ती धरली. धूर शिस्तीत आत गेला, घरांतून फिरला आणि वरून बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने, उदबत्ती दिसली म्हणून, हात जोडले. त्या पोकळीला लोकांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं: धुराडं.

हे सगळं डिसेंबरात चाललं होतं, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

मग मागच्या रांगेतून एक जण उठले. पन्नाशीपुढचे, मेंदी लावलेली दाढी, तळहातावर पत्र्याने कापल्याच्या जुन्या रेघा. त्यांना सगळे चाचा म्हणत. बसस्टँडच्या मागे त्यांचं कूलर बनवायचं दुकान होतं. खामगावातल्या निम्म्या खिडक्यांबाहेर त्यांनी ठोकलेला पत्रा उभा असेल.

"साहेब," ते म्हणाले, "कूलर कुठी लावाचा?"

मी हसलो. ते हसणं आठवलं की मला आजही पायाखालच्या फरशीत तोंड लपवावंसं वाटतं. "चाचा," मी म्हणालो, "या घराला कूलर लागणारच नाही."

न्हाव्याला सांगावं की उद्यापासून कोणाला दाढी येणार नाही, तसं ते झालं.  चाचा मात्र रागावले नाहीत. सभा संपल्यावर त्यांनी मला बाहेर निंबाखाली गाठलं आणि आपली गोष्ट सांगितली.

आमचा जिल्हा दुमजली आहे. बुलडाणा, चिखली वर, घाटावर. खामगाव, नांदुरा, मलकापूर खाली. वरच्यांना उन्हाळ्यात पहाटे पांघरूण लागतं, आणि खालच्यांना ते ऐकूनच घाम येतो. तीन वर्षांपूर्वी चाचांच्या पत्र्याच्या घरात चाचींना उष्माघात झाला होता. आठ दिवस दवाखान्यात सलाईनवर. डॉक्टरांनी बजावलं, आता यांना उन्हाळा सोसणार नाही. तेव्हापासून मार्च संपला की चाची ट्रंक भरून घाटावर, बुलडाण्याला बहिणीकडे जायच्या, ते मृगाचा पाऊस पडल्यावर परत.

"लोकाईले थंड करतो मी," चाचा म्हणाले, "अन् माह्या घरात तीन महिने चूल नाई पेटत. हे घर मी येच्यासाठीच घेऊन राह्यलो का थे इथं राह्यली पाह्यजे. कूलरचं सोडा. थे राहीन का नाई, येवढं सांगा."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वय सत्तावीस, अनुभव पुठ्ठ्याचा. म्हणालो, "चाचा, निश्चिंत व्हा. नव्या घरात चाचींची ट्रंक हलणार नाही."

घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. चाचांना मिळालं सर्वांत वरच्या मजल्यावरचं टोकाचं घर. डोक्यावर गच्ची, दोन बाजूंनी ऊन. मी त्यांना म्हणालो, "वा, सगळ्यात मोकळी हवा तुम्हाला." गच्चीवर मी फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा थर दिला होता. ऊन परतून जावं म्हणून. त्या सबंध इमारतीत पहिल्या फटक्यात बरोबर झालेली तेवढी एकच गोष्ट.

पुढच्या दिवाळीत लोक राहायला आले. थंडीत वारा असा सुरेख आत यायचा की अध्यक्षांनी मला फोन करून तक्रार केली, "काऊन हो साहेब, घरात टोपी घालून जेवून राह्यलो आमी." ही तक्रार मी यशाच्या खात्यात टाकली. फेब्रुवारीत चाचांकडे चहाला गेलो तेव्हा चाचींना पहिल्यांदा पाहिलं. बारीक अंगाच्या, बोलायला धीट. त्यांनी जाळीवर पंजा ठेवला आणि म्हणाल्या, "हवा तो आती है, बेटा. देखते अब एप्रिल क्या बोलता." पलंगाखाली हिरवी ट्रंक होती. मार्च संपला तरी ती हलली नाही. चाचा दुकानात येणाऱ्या गिऱ्हाईकाला सांगायचे, यंदा घरी जेवतो म्हणून.

मग एप्रिल बोलला.

माझं यंत्र बिघडलं असतं तर मी दुरुस्त केलं असतं. ते बिघडलं नव्हतं. उदबत्तीच्या वेळी चाललं तसंच, किंबहुना जास्तच झकास चाललं होतं. खामगावात उन्हाळ्यात पश्चिमेकडून झुळूक येत नाही, झळ येते; हे वडनेरचं शेंबडं पोरही सांगेल. मी ती झळ जाळीतून आत घेतली, घरातून फिरवली आणि मागच्या धुराड्याने तिला असं काही ओढलं की लोहाराच्या भात्याने खाली मान घालावी. ऊन जितकं कडक, तितका माझा भाता जोरात. सोळा घरांत दुपारी ताटावरची पोळी वाढल्या वाढल्या पापड व्हायची.

लोकांनी पहिले दोन दिवस माझी वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी फ्लेक्स आणले. जाळ्या बंद. मग कूलर आणले, पण बाहेर ठेवायला जागाच नाही. तिथे मी जाळीवर सावली पडावी म्हणून सिमेंटच्या उभ्या पाट्या बांधल्या होत्या, माझ्या मते फार देखण्या. मग कूलर आत, हॉलमध्ये. बंद घरातली तीच हवा फिरवून फिरवून ओली. काडेपेटीची काडी पेटेना, अंथरुणं दमट, भिंतीचा रंग पोपडे धरून सुटायला लागला.

एका दुपारी चाची ओट्याशी उभ्या असताना चक्कर येऊन खाली बसल्या. चाचांनी डोक्यावर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"साहेब, ट्रंक गेली."

एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

शिकलेला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. खुलासा तयार केला. थर्मामीटर घेतला, आलेख काढला आणि एका रविवारी सकाळी अकराला चाचांकडे गेलो, दहा मिनिटांत समजावून येऊ म्हणून. चाचांनी आलेख बघितला, घडी करून खिशात ठेवला, जाळीवरचा फ्लेक्स सोडला आणि बरोब्बर जाळीसमोर माझ्यासाठी खुर्ची मांडली.

"पाच वाजता चहा पिऊन जाजा," ते म्हणाले, आणि स्वतः मागच्या कोपऱ्यात पत्रा कापत बसले.

बारा वाजता मी हवेच्या अभिसरणावर बोलत होतो. एक वाजता मी बूट काढले. दीडला मोजे. दोनला मी बोलायचं थांबलो, कारण बोलायला तोंड उघडलं की झळ आत जायची. अडीचला खुर्ची तापली म्हणून खाली बसलो, तीनला आडवा झालो, गाल फरशीला लावला. फरशीवरून धुराड्याकडे जाणारा वारा कानावरून सूं करत जात होता. पुण्यात ज्या आवाजावर मी फक्त कविता करायच्या बाकी ठेवल्या होत्या, तो हा. साडेतीनच्या सुमाराला मी म्हणालो,

"चाचा, मले पानी द्या."

कात्री थांबली. चाचांनी माठातलं पाणी आणून दिलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि पहिल्यांदाच साहेब म्हणाले नाहीत.

"आला बे तू खामगावात," ते म्हणाले.

मी दोन तांबे पाणी प्यायलो. मग ते शेजारी टेकले. "हवेले याचा रस्ता देल्ला तू, जाचा देल्ला. लय बेस केलं. पन थे हवा कोन हाये, कुठून आली, हे काई तिले इचारलं नाई."

इथे चाचांचं शहाणपण संपतं आणि त्यांचा हट्ट सुरू होतो. कारण जगातलं कोणतंही दुखणं कूलर कमी पडल्यामुळे होतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांनी उपाय काढला: धुराड्याच्या तोंडावर एक राक्षसी कूलर बसवायचा, गार हवा वरून खाली ढकलायची, ती सोळा घरांत आपोआप शिरेल. माझी बोलायची लायकी उरली नव्हती, मी हो म्हणालो. चार दिवस ठोकठोक झाली. माणूस आत उभा राहील एवढा कूलर गच्चीवर चढला. चालू केला, आणि तासभर खरंच गार वाटलं.

मग पहिल्या मजल्यावर कोणीतरी ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या.

सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या धुराड्यात उघडत होत्या, हे नकाशा काढणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. आजवर धूर वरून निघून जायचा. आता वरून कूलर त्याला खाली दाबत होता. एका घरी ठेचा आणि सोळा घरी ठसका. माणसं डोळे पुसत खाली, पश्चिमेच्या भिंतीपाशी आली. श्रद्धांजलीचा फ्लेक्स आमच्या माथ्यावर फडफडत होता, आणि त्या दिवशी खाली रडणारेही पुरेसे होते.

अध्यक्षांनी सगळ्यांना वर नेऊन गच्चीवरच सभा घेतली. खोकला थांबेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "आतापर्यंत नुसतं उकडून राह्यलं होतं. आता उकडून बी राह्यलं अन् खोकून बी राह्यलं. तुमा दोघाले आठ दिवस. मंग ह्या जाळ्या इटा लावून बुजून टाकू, तुमच्या ह्या पाट्या फोडू अन् कूलरले खिडक्या पाडू."

खालच्या घरांचं त्याने भागलं असतं. वरच्या टोकाच्या घराचं भागलं नसतं. तिथे डोक्यावर गच्ची, दोन बाजूंना तापलेली भिंत, जाळी बुजवली की हवा बंद. चाचींना तिथे कूलर लावूनही ठेवता येणार नव्हतं. चाचांना ते माझ्याआधी कळलं. लोक खाली गेले आणि आम्ही दोघं त्या राक्षसाच्या सावलीत भांडत बसलो.

"तुमचं धुराडं," चाचा म्हणाले. पुन्हा 'तुमचं'वर आले होते, म्हणजे राग खरा होता.

"तुमचा पंखा," मी म्हणालो.

"माह्या पंख्यानं कोनाचं काय वाईट केलं? तीस वरस झाले, पंखा एकच काम करते."

"कोणतं?"

"वढते. कूलरच्या तीन बाजूनं वली घास ऱ्हाते. पंखा हवा वढते, थे घासीतून येते, गार होते. येवढंच."

घास म्हणजे लाकडाचा केसासारखा बारीक कीस, जाळीत भरलेला. वरून पाणी ठिबकतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी त्या उघड्या कूलरकडे असा बघत बसलो की चाचांना वाटलं मला ऊन लागलं.

"चाचा, पंखा ओढतो ना?"

"वढते."

"आणि आपलं धुराडं काय करतं?"

चाचांनी आधी धुराड्याकडे बघितलं, मग पश्चिमेच्या भिंतीच्या कठड्यावरून खाली वाकून त्या सगळ्या वाढदिवसांकडे. मग कपाळावर हात मारला.

"अबे, वढते," ते म्हणाले. "हे घरच कूलर हाये बे. तू कूलरच बांधला. फक्त घास लावाची इसरला."

माझ्या आयुष्यात माझ्या कामाचं इतकं अचूक परीक्षण कोणी केलेलं नाही. पाच वर्षांची पदवी आणि चार वर्षांची नोकरी घेऊन मी चार मजली कूलर बांधला होता आणि त्यात घास घालायची राहिली होती.

राक्षस दुसऱ्याच दिवशी खाली उतरला. त्याच्याच पत्र्याच्या चौकटी झाल्या. आधी फक्त चाचांचं घर. जाळीला बाहेरून घास भरलेल्या चौकटी, वर भोकं पाडलेला पाइप, खाली पत्र्याचं लांबट पन्हाळं, पन्हाळ्यातलं पाणी पुन्हा वर चढवायला कूलरचा तो मुठीएवढा पंप. पंखा नाही. पंप दिव्याएवढीही वीज खात नाही. अध्यक्ष येऊन म्हणाले, "पानी कुठून आनसान? नळ किती दिवसानं येते हे मालूम हाये न?" चाचा म्हणाले, "कूलर काय दूध पेत होता? जेवढं त्याले लागे तेवढंच येले लागन." अध्यक्षांचा काटा जरा हलला, पण स्थिर झाला नाही.

पन्हाळ्याचा उतार काढून द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी तो उलटा काढला. पहिल्याच चाचणीला सगळं पाणी कोपऱ्यातून सांडून खालच्या मजल्यावर अध्यक्षांच्या गॅलरीत पडलं, आणि गॅलरीत त्यांच्या सौभाग्यवतींनी कुरडया वाळत घातल्या होत्या. भरपाई म्हणून वडनेरहून माझ्या आईच्या हातच्या दोन डबे कुरडया आणून द्याव्या लागल्या. आईने डबे भरताना एकच प्रश्न विचारला: "तुले घरं बांधाले पैसे देतेत का बांधू नको म्हनून देतेत?"

उतार सुलटा झाला. सहाव्या दिवशी दुपारी दोन वाजता आम्ही पंप सुरू केला. घास भिजायला दहा मिनिटं गेली. मग जाळीतून आलेला वारा माझ्या मानेला लागला, आणि मी काही बोललो नाही, कारण मागच्या वेळी बोललो होतो. तीच झळ होती, तेच धुराडं ओढत होतं. फक्त वाटेत तिला कोणीतरी पाणी विचारलं होतं. चाचांनी बुलडाण्याला फोन लावला.

"येऊन पाह्य," ते म्हणाले.

फोन मोठ्या आवाजावर होता. पलीकडून चाची म्हणाल्या, "पिछले टाइम भी यहीच बोले थे. वो लंबा बेटा भी बोला था."

लंबा बेटा खाली बघत राहिला.

"येक दिवस ये. नाई जमलं तं पाचच्या बसनं वापस जाजो."

आठव्या दिवशी चाची आल्या. ट्रंकेशिवाय, एक कापडी पिशवी घेऊन. पिशवीत पाण्याची बाटली, गोळ्या आणि परतीच्या प्रवासाला डोक्यावर घ्यायचा टॉवेल. आल्या आल्या त्यांनी घास हाताने दाबून बघितली, मला बाजूला केलं आणि गॅस पेटवला. "बैठके तो कहीं भी ठंडा लगता," म्हणाल्या. "पकाके देखती." भर दुपारी बारा वाजता त्यांनी ज्वारीच्या भाकरी थापायला घेतल्या, एकामागून एक, आम्हा दोघांना दोन दिवस पुरतील इतक्या. आम्ही दाराशी उभे राहून त्यांच्या कपाळाकडे बघत होतो. घाम होता. चक्कर नव्हती.

जेवणं झाली. तीन वाजता त्या हॉलमध्ये, मी जिथे गाल टेकला होता बरोबर तिथेच, चटई टाकून पडल्या. दहाएक मिनिटांत त्यांचा श्वास लांब झाला.

चाचा आणि मी भिंतीला टेकून बसलो. चार वाजले. साडेचारला अध्यक्ष आठ दिवसांचा हिशोब घ्यायला वर आले. चाचांनी ओठांवर बोट ठेवलं. अध्यक्षांनी चपला बाहेर काढल्या, पाय न वाजवता आत आले, जाळीसमोर उभे राहिले. सवयीने काटा स्थिर होण्याची वाट बघितली.

"बस पाचची हाये न?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

चाचांनी मान हलवली. उठवायला मात्र कोणी हललं नाही. पाच वाजले. तीन बाप्ये माणसं एका झोपलेल्या बाईकडे बघत, श्वास धरून एक बस चुकवत होती.

सव्वापाचला चाची उठल्या. घड्याळाकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"बस?"

"गेली," चाचा म्हणाले.

चाचींनी पदर सारखा केला, जाळीपाशी गेल्या, घासीचा वास घेतला. "इसमें बू है," म्हणाल्या. "कल थोडी खस डालो." आणि मग, जणू त्याच वाक्याचा उरलेला तुकडा असावा तसं, "और ट्रंक मँगाव."

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. "इंजिनेर साहेबच आनतीन," ते म्हणाले. "नेली बी त्याइनंच होती."

दुसऱ्या दिवशी मोताळ्याचं एक काम उरकून मी घाट चढलो. वर खरंच गार होतं, आणि त्या गारव्याचा मला जरा राग आला. चाचींच्या बहिणीने मला पाणी दिलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ट्रंक पुढे केली. मी उचलायला वाकलो तर म्हणाल्या, "ठहरो." आतून त्यांनी एक गादी आणली. मग चहाचे कप, कागदात गुंडाळलेले. मग लोखंडी तवा, कुंडीतला पुदिना आणि शेवटी हाताने चालवायचं शिवणयंत्र.

"ये भी? हे उन्हाळ्यात लागतं?" मी विचारलं.

"हर साल एक-एक चीज लाती थी," बहीण म्हणाल्या. "बोलती थी, नीचे क्या करना है इनका."

 इतके उन्हाळे चाची फक्त स्वतः वर जात नव्हत्या. त्यांचं घर एकेका वस्तूने घाट चढत होतं. खालच्या कोणालाही, चाचांनासुद्धा, त्याचा पत्ता नव्हता. निंबाखाली चाचांच्या खांद्यावर हात ठेवून मी ज्याची हमी दिली होती, ते घर हे होतं.

ट्रंक आणि गादी मागे, कुंडी पायाशी. शिवणयंत्राला पुढच्या सीटवर ठेवलं तर गाडी पट्टा लावा म्हणून टिंगटिंग करायला लागली. मी शिवणयंत्राला पट्टा लावला. घाट उतरताना काचेतून झळ यायला लागली तशी मी काच वर केली, मग पुन्हा खाली केली. म्हटलं, ओळख ठेवावी.

चार मजले आम्ही दोघांनी सामान चढवलं. गादी, कप, तवा चाचांनी उचलून वर नेले. शिवणयंत्र दिसलं तसे जिन्यातच थांबले. त्याच्या चाकावर हात ठेवला.

"हे बी वर होतं?" त्यांनी विचारलं. मला नाही, दारात उभ्या असलेल्या चाचींना.

 जाळीच्या मागे पाणी ठिबकत होतं, खाली दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी आपला फ्लेक्स सोडून घडी करत होतं, आणि अध्यक्ष जिन्यातून ओरडून विचारत होते की घास किती लागते एका घराला.

"उठाव," चाची म्हणाल्या. "देखते क्या. जाली के पास रखो, उधर हवा है."